आई दवाखान्यात असतानाचे रविवार

आई दवाखान्यात होती ते महिने माझ्या लहानपणातले सगळ्यांत सुखाचे महिने होते. हे वाक्य मी इतकी वर्षं कुणापुढे उच्चारलं नव्हतं. बापू गेले, आईही गेली, ऐकून दुखावणारं आता कुणी उरलं नाही. तरी ते लिहिताना मान आपोआप दाराकडे वळते.

आम्ही तेव्हा हैदराबादेत काचीगुड्याला, स्टेशनमागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायचो. गाडी आली की फळीवरची भांडी किणकिणायची आणि आई हातातलं काम न थांबवता कडेचा तांब्या नुसता आत सरकवायची. ती दवाखान्यात गेली त्या संध्याकाळी तो तांब्या खाली पडला, घरंगळत मोरीपर्यंत गेला, आणि आम्ही तिघं त्याच्याकडे बघत बसलो. तिघं म्हणजे मी, बापू आणि गोदाआत्या. आत्या बापूंची थोरली चुलत बहीण, कपाळ पांढरं झालेली, मांजरा नदीच्या काठच्या आमच्या गावाहून घर सांभाळायला आली होती. तिच्याबरोबर ज्वारीचं पीठ आलं, येसराचा, म्हणजे आमटीला लावायच्या मसाल्याच्या पिठाचा, डबा आला, आणि पहाटे चुलीपुढे स्वतःशीच बोलत बसण्याची तिची सवय आली. आईच्या हाताला हैदराबादची चिंच लागली होती. शेजारच्या तेलुगू बाईकडून शिकून ती डाळीतही अंबाडी घालायची. आत्याला ते मान्य नव्हतं. भाकरी, येसराची आमटी आणि कांदा, एवढं झालं की माणसाचं पोट भरायलाच पाहिजे, असं तिचं मत होतं.

आईला छातीचा आजार झाला होता. गल्लीत त्याचं खरं नाव कुणी घेत नसे, बोटानं छातीकडे खूण करायचे आणि आवाज खाली आणायचे. शहराबाहेरच्या मोठ्या दवाखान्यात तिला ठेवावं लागलं. तिथं लहान मुलांना आत सोडत नसत. रविवारी दुपारी भेटायची वेळ असायची. बापू आत जायचे आणि मी फाटकाबाहेर कडुलिंबाखाली उभी राहायची. मग आई वरच्या मजल्याच्या व्हरांड्यात यायची. तिथून हाक पोचायची नाही, म्हणून आम्ही हातांनी बोलायचो. ती घास तोंडाकडे नेल्यासारखं करायची, म्हणजे जेवलीस का. मी मान हलवायची. ती स्वतःच्या डोक्यावरून बोटं फिरवायची, म्हणजे वेणी कुणी घातली. मी आत्याचा वाकलेला कणा करून दाखवायची आणि आई कठड्याला धरून हसायची. हसताना खोकला आला की पाठ वळवायची.

बापूंना मी तोवर नीट ओळखतच नव्हते. सरकारी कचेरीत कारकून, घरी आले की पाय धुवायचे, पेपर वाचायचे, जेवायचे आणि झोपायचे. आई दवाखान्यात गेल्यानंतरच्या एका रविवारी सकाळी ते अंगणात बसून एक बांबू तासत होते. आत्यानं विचारलं तर म्हणाले, काही नाही, हात रिकामे होते. मग त्यांनी मला मोरीच्या मागची ओली माती उकरायला सांगितली आणि गांडुळं एका चहाच्या डब्यात भरायला लावली. मला किळस येईल असं त्यांना वाटलं असावं. मला आली नाही. त्यांनी माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघितलं आणि म्हणाले, "चल मग."

कोठीपर्यंत चालत, तिथून गंडीपेटकडे जाणारी बस. शहर संपलं, सीताफळीची झुडपं आणि एकावर एक रचून ठेवल्यासारखे मोठमोठे खडक लागले, की एका वळणावर उतरायचं आणि शेताच्या बांधानं आत चालायचं. तिथं एक ओढा होता. त्याला नाव असेलही, आम्हाला माहीत नव्हतं. खडकाच्या पाठीवरून तो पातळ पसरून यायचा, दोन दगडांच्या फटीत शिरायचा आणि खाली एखाद्या डोहात गप्प होऊन बसायचा. डोह तरी कसले, आमची पुढची खोली मावेल एवढे. पावसाळा सरला होता आणि पाणी निवळलं होतं. तळाचे खडे दिसायचे, खड्यांवरून सरकणाऱ्या सावल्या दिसायच्या, आणि सावलीवरून वर नजर नेली की मासा.

बापूंनी मला सगळं शिकवलं, पण फारसं न बोलता. गळाला गांडूळ कसं ओवायचं, मोराच्या पिसाचा पांढरा देठ दोरीला बांधून पाण्यावर तरंगत कसा ठेवायचा, आपली सावली पाण्यावर पडू न देता कसं बसायचं. देठ थरथरला तर ओढायचं नाही, मासा नुसता चाखून बघतोय. देठ बुडाला की मनगट हलवायचं. बहुतेक वेळा बोटाएवढे चंदेरी मासे लागायचे, कधी मिश्यांचा शिंगटा, ज्याला बापू मला हात लावू द्यायचे नाहीत, कारण त्याचा काटा लागला की हात ठणकतो. पण मासे ही त्यातली लहान गोष्ट होती. मोठी गोष्ट होती ते बसणं. शेजारी बसलेले बापू हे आमच्या घरातले बापू नव्हते. ते गुणगुणायचे. पाण्यात पाय सोडायचे. एकदा त्यांनी मला मांजरेच्या पुरात म्हशीच्या पाठीवर बसून पैलतीराला गेल्याची गोष्ट सांगितली आणि सांगतानाच इतके हसले की देठ बुडाला तरी त्यांना कळलं नाही. माझे वडील कधीकाळी मुलगा होते हे मला त्या ओढ्यावर समजलं.

पहिल्याच दिवशी परतताना ते बसमध्ये म्हणाले, "आईला सांगू नको. तिला वाटेल..." आणि पुढचं बोललेच नाहीत. आईला काय वाटेल ते मी मनातल्या मनात पुरं करत राहिले. त्यानंतर दर रविवारी हाच क्रम झाला. सकाळी ओढा, दुपारी दवाखाना. वाटेत एका नळावर बापू लिंबाची फोड चोळून हात धुवायचे, माझेही धुवायचे, नाकाशी नेऊन बघायचे. मासे ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत असायचे आणि पिशवी माझ्याजवळ कडुलिंबाखाली असायची. वर आई विचारायची, जेवलीस का. मी मान हलवायची. फ्रॉकची ओली कड मुठीत धरून ठेवायची. आठवडाभर मी रविवारची वाट बघायची, आणि ती वाट आईला भेटायची नव्हती.

आत्याला सगळं माहीत होतं. बायको दवाखान्यात आणि हा गळ घेऊन हिंडतोय, असं ती चुलीला सांगायची. पण मासे साफ करायला तीच बसायची, तिखट-मीठ आणि ज्वारीचं पीठ लावून तव्यावर खरपूस भाजायची, आणि स्वतः न खाता आम्हाला वाढायची. आम्ही दोघं तोंड खाली घालून जेवायचो. चवीला ते इतके सुरेख लागायचे की वर बघायची हिंमत व्हायची नाही.

हे सगळं मी परवा माझ्या नातीला वाचून दाखवत होते. तिला मराठी बोलता येतं पण वाचायला जड जातं. ती मध्येच म्हणाली, "आजी, तू तर बच्ची होतीस ना, मग गिल्टी कायकू फील करतेस?" मी म्हटलं, पुढचं ऐक.

हिवाळ्याच्या तोंडी, थंडी अंगाला जरा चावायला लागली होती तेव्हाचा तो रविवार. ओढ्याचं पाणी बारीक झालं होतं, आणि सगळ्यांत खालच्या डोहात, एका खडकाच्या कपारीत, बापूंना मरळ दिसली होती. मरळ म्हणजे सापासारख्या डोक्याचा, काळसर, जोरकस मासा. तेलुगू लोक त्याला कोर्रमीनू म्हणतात आणि त्याच्यासाठी जीव टाकतात. बापूंनी एक छोटा जिवंत मासा गळाला लावला, मनगटावरचं घड्याळ भिजू नये म्हणून काढून बुटात ठेवलं, आणि आम्ही बसलो. ऊन खडकावरून उतरत गेलं. मरळ बाहेर यायची, आमिषाकडे बघायची आणि परत आत जायची. बापू मला डोळ्यांनी सांगायचे, हलू नको. मी श्वाससुद्धा जपून घेत होते. एवढं सुंदर काही मी आयुष्यात पुन्हा अनुभवलेलं नाही. लग्नात नाही, मुलं झाली तेव्हाही नाही. दोन माणसं एकाच गोष्टीची वाट बघत गप्प बसलेली, आणि जगात दुसरं काही नाही.

मग काठी वाकली. मरळीनं दोरी कपारीत नेली आणि दगडाला वेढा बसला. बापू काठी माझ्या हातात देऊन कपड्यांसकट पाण्यात उतरले. मी दोन्ही पाय खडकाला रोवून काठी धरून ठेवली आणि ती काठी माझ्या हातात जिवंत होती. बापूंनी वेढा सोडवला, मासा हातांत आला, सुटला, परत आला. शेवटी तो गवतावर पडला तेव्हा आम्ही दोघंही बाजूला पडून हसत होतो. बापूंनी बूट घालायला पाय आत घातला, तेव्हा त्यांच्या बोटांना घड्याळ लागलं. त्यांनी ते बाहेर काढून बघितलं आणि त्यांचा चेहरा पार उतरला.

आम्ही बांधावरून धावलो. बस मिळाली ती मिळाली, कोठीला दुसरी बस लवकर मिळेना. पोचलो तेव्हा फाटक लागलं होतं. चौकीदार बिडी ओढत बसला होता. बापूंनी हात जोडले. तो वाईट माणूस नव्हता, पण म्हणाला, "टैम हो गया, मामू. वो बाई भौत देर तलक खड़े थे उप्पर. सिस्टर आके अंदर ले गई." मी वर पाहिलं. व्हरांडा रिकामा होता आणि कठड्यावर कुणाचा तरी टॉवेल वाळत होता.

घरी आलो. आत्यानं मरळ केली. बापू पानावर बसले आणि उठले. मी जेवले. भूक लागली होती आणि मी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी बापू कचेरीतून रजा घेऊन दवाखान्यात गेले. संध्याकाळी दारातूनच त्यांनी सांगितलं की आईच्या थुंकीत आता काही निघत नाही, डॉक्टर तिला घरी सोडणार आहेत. तिला हे रविवारी सकाळीच कळलं होतं. तेच सांगायला ती व्हरांड्यात उभी होती. आत्यानं देवापुढे साखर ठेवली. आणि मी, आईची मुलगी, माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? आता रविवार संपले. डोळ्याची पापणी लवते तेवढाच वेळ ते टिकलं. मग खरा आनंद आला, मी नाचले, आत्याला मिठी मारली. पण आधी ते आलं होतं. या क्रमाचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

आई घरी आली, हलकी, कपडे अंगावर लोंबणारी. तांब्या परत जागेवर सरकवला जाऊ लागला. पण ती येताजाता माझ्या कपाळाला हात लावायची. मानेला लावायची. आता नाही ना येत ताप, म्हणायची. मला काही समजेना. मग ध्यानात आलं की त्या सोमवारी बापूंनी तिला सांगितलं होतं, शालूला ताप होता म्हणून येता आलं नाही. डॉक्टरांनी आईला रोज दूध आणि अंडं घ्यायला सांगितलं होतं. ती तिच्या पेल्यातलं अर्धं दूध माझ्या पेल्यात ओतायची. तू आजारातून उठलीयस, म्हणायची. मी बापूंकडे बघायची, बापू पेपरमागे असायचे, आणि मी ते दूध प्यायची.

आत्या गावी परत निघाली तेव्हा आईनं तिची ओटी भरली नाही, तशी रीत नव्हती, पण तिच्या पाया पडली आणि म्हणाली, वन्सं, माझ्यामागं लेकराच्या तापात तुम्ही जागलात, हे मी विसरणार नाही. आत्या बोचकं बांधत होती. बापूंनी मारलेली तापाची थाप तिला माहीत नव्हती. ती सरळ म्हणाली, "कशाचा ताप, कमल? पोरगी ठणठणीत होती. बाप-लेक मासे धरायला जात होते की दर रविवारी."

आईनं फक्त हं म्हटलं. बोचक्याची गाठ सैल होती ती तिनं घट्ट करून दिली. बापू आत्याला स्टेशनवर पोचवून आले, आईनं त्यांना वाढलं, भाकरी तव्यावरून पानात आली, सगळं रोजच्यासारखं. ती चिडली असती, रडली असती तर बरं झालं असतं. काही दिवस असेच गेले. बापूंना कळलं होतं की तिला कळलंय. बोलायला कुणी सुरुवात करेना.

एका दुपारी शाळेला सुट्टी होती. आई उंबऱ्याशी अंबाडीची पानं खुडत बसली होती, मी समोर. तिनं मान वर न करता विचारलं, "तिकडं काय होतं गं?"

मी सांगायला लागले. चिखल असायचा. काटे असायचे. ऊन फार लागायचं, डास चावायचे, मासे काही फारसे मिळायचे नाहीत, कंटाळा यायचा. बोलता बोलता मलाच माझा आवाज खोटा ऐकू येत होता. आईनं देठ बाजूला टाकला आणि माझ्याकडे बघितलं.

"असं नको सांगू, शालू," ती म्हणाली. "मजा आली तसं सांग."

मग मी सांगितलं. खडकावरून पातळ येणारं पाणी, पिसाचा देठ, म्हशीवर बसलेले बापू, गुणगुणणारे बापू. मरळ सांगितली. आई मध्ये मध्ये विचारत होती. मासा हातात धरला की गार लागतो का. पाण्याचा आवाज बसल्या जागी येतो का. हे कुठलं गाणं म्हणायचे. पानं तशीच मांडीवर राहिली. सगळं सांगून झालं तेव्हा तिनं मांडीवरची पानं गोळा केली. मग म्हणाली, "मी तिथं पडल्या पडल्या भिंतीची भेग बघायची. दुसरं काही नव्हतंच बघायला. तुम्ही दर रविवारी येत होतात. हे मला सांगितलं असतंत, तर त्यावर माझा आठवडा निघाला असता."

मी तिला व्हरांड्यात उभं ठेवलं, मासे खाल्ले, दूध प्यायले. पण या एका वाक्यानं जे टोचलं ते आणखी कशानं टोचलं नाही. आम्ही तिच्यापासून आमचं पाप लपवतोय असं आम्हाला वाटत होतं. लपवत होतो तो आनंद होता, आणि तो तिलाही पुरला असता.

त्याच संध्याकाळी तिनं बापूंना सांगितलं की या रविवारी तुम्ही दोघं जा, आणि येऊन मला सगळं सांगा. बापूंनी नुसती मान हलवली, नाही म्हणून. ती काठी कधी घराबाहेर गेली, मोडली की कुणाला दिली, मला माहीत नाही. दर वर्षी गणपती झाले, पाणी निवळलं, की आई विचारायची, जाणार ना? बापू म्हणायचे, आता त्या ओढ्याला पाणी नसतं. पाणी असायचं. मला ठाऊक होतं, तिलाही असणार. पुढे जन्मभर त्या माणसानं आईला कुठंही ताटकळू दिलं नाही. स्टेशनवर, लग्नकार्यात, डॉक्टरकडे, बापू वेळेच्या कितीतरी आधी जाऊन उभे. नातेवाईक कौतुक करायचे, कसा जपतो बायकोला. आई ते ऐकून हसायची नाही.

बापू गेल्यावर आई माझ्याकडे चिक्कडपल्लीला राहायला आली. एका थंडीच्या सकाळी चहा घेता घेता म्हणाली, मला तिथं घेऊन चल. कुठं ते मला विचारावं लागलं नाही. ऑटो केला. रस्ता रुंद झाला होता, खडक फोडून इमारती उठत होत्या, सीताफळी कुठं दिसेनात. ऑटोवाल्याला दोनदा मागं फिरवलं. एका कुंपणाच्या भिंतीला वळसा घालून, आईचा हात धरून मी तिला खाली नेलं, आणि ओढा होता. बारीक, एका कडेनं, पण तेच खडक आणि तोच उतार.

आई खडकावर टेकली. चपला काढल्या, नऊवारीचा काठ वर घेतला आणि पाय पाण्यात सोडले. खूप वेळ बघत राहिली.

"एवढंच होतं होय?" ती म्हणाली.

"एवढंच," मी म्हटलं.

तिनं पदरानं डोळे पुसले. बापूंबद्दल काही बोलेल असं मला वाटलं, पण ती वाकून पाण्यात बघायला लागली होती. तिच्या पायाच्या बोटांपाशी बारीक मासे जमले होते आणि अंगठ्याला तोंड लावून बघत होते. वर रस्त्यावर ऑटोवाल्यानं हॉर्न दिला, मग परत दिला. मी म्हटलं, "आई, तो थांबलाय."

"थांबू दे," आई म्हणाली, आणि मासे बिचकू नयेत म्हणून पाय जराही हलवला नाही.